पाणी कुणाला सोसतं? शाई, ठसे आणि स्टेन्सिलचं एक कार्ड

माझ्या पहिल्या मिक्स्ड मीडिया कार्डावर एक पक्षी होता. काळ्या शाईत ठसा असा सुरेख उमटला होता की पीस न् पीस मोजून घ्यावं. मग मला वाटलं, मागे थोडे पाण्याचे शिंतोडे हवेत, म्हणजे जरा कलाकारी दिसेल. स्प्रेची बाटली दोनदा दाबली आणि डोळ्यांदेखत पक्ष्याचं डबकं झालं. आधी शेपटी ओघळली, मग पोट जांभळट करडं झालं. एक डोळा तेवढा शाबूत राहिला आणि तो माझ्याकडेच बघत होता. कार्ड मैत्रिणीच्या वाढदिवसाचं होतं. तिला त्या वर्षी फोनवरच भागवावं लागलं.

दोष शाईचा नव्हता. ती पाण्यात विरघळणारीच होती आणि पॅडच्या पाठीवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. मीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून कुणी ‘कार्ड करायला शिकव’ म्हटलं, की कात्री-कागदाच्या आधी मी एकच विचारते: तुझ्याकडच्या कुठल्या शाईला पाणी सोसतं? मिक्स्ड मीडिया म्हणजे शाई, पेस्ट, कागद असं वेगवेगळं साहित्य एकाच चित्रात, थरावर थर. वरचा थर येतो तो बहुधा ओलाच येतो आणि खालच्याने तो निमूट सोसायचा असतो. काय आधी, काय नंतर, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

आधी शाईची परीक्षा

घरात असतील नसतील तेवढे इंकपॅड काढा. जाड कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. दोन्हींवर प्रत्येक शाईचा एक-एक ठसा मारा आणि खाली पेन्सिलने नाव लिहा. पेन्सिलनेच, कारण पेनची शाईही पळते आणि मग कोणता डाग कुणाचा ते कळत नाही. पहिल्या पट्टीवर पंधरा मिनिटांनी ओला ब्रश फिरवा, पण ठशाच्या अर्ध्याच भागावरून. दुसरी पट्टी रात्रभर राहू द्या आणि सकाळी तेच करा. दोन्ही पट्ट्या एका वहीत चिकटवा. माझी ती वही आता फुगून बंद होत नाही, पण तिच्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

या परीक्षेत शायांचे स्वभाव कळतात. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. तो कागदाच्या तंतूंत मुरतो, लवकर सुकतो आणि पारदर्शक असतो. म्हणून पिवळ्यावर निळी डाय शाई फिरवली की हिरवा दिसतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. ते कागदाच्या अंगावर बसतात, आत फारसे जात नाहीत. त्यामुळे ही शाई दाट दिसते, उजेडात सहसा जास्त टिकते, पण सुकायला वेळ घेते. चकचकीत कागदावर तर काही पिगमेंट शाया दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतात. डिस्ट्रेस ऑक्साइडसारख्या शायांत डाय आणि पिगमेंट दोन्ही एकत्र असतात. पाण्याचा थेंब पडला की तिथे दुधाळ, खडूसारखी छटा उमटते. तीच त्यांची गंमत. उजेडाचं म्हणाल तर मी डाय शाईचं कार्ड खिडकीत ठेवत नाही, जांभळा आणि गुलाबी आधी विटतात.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. सुकणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. पाण्यात विरघळणारी डाय शाई वर्षभर सुकली तरी पाणी लागताच पुन्हा जागी होते. उलट काही काळ्या पिगमेंट शाया हीट गनची, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राची, थोडी ऊब मिळाली की अशा बसतात, की वरून जलरंग दिला तरी ढळत नाहीत. वहीतल्या ज्या काळ्याला ओल्या ब्रशने काही झालं नाही, तिच्यावर खूण करून ठेवा. आपल्याला तीच लागणार आहे.

कागद

चित्र थेट कार्डावर करू नका. कार्डाचा सांगाडा वेगळा, चित्राचा तुकडा वेगळा, आणि शेवटी एक दुसऱ्यावर चिकटवायचा. बिघडलं तर तुकडाच जातो. शिवाय पाण्याने कागद वाकतो, आणि वाकलेलं कार्ड उभं राहत नाही.

सांगाड्याला ए४ आकाराचा, २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) जाड कागद, म्हणजे कार्डस्टॉक घ्या. तो आडवा अर्धा कापला की २१० बाय १४८ मिलिमीटरचे दोन तुकडे होतात. प्रत्येकाला १०५ मिलिमीटरवर घडी घातली की ए६ कार्ड तयार. घडी घालण्याआधी पट्टी धरून बोथट टोकाने रेघ दाबून घ्या. रिकाम्या रिफिलचं बॉलपेन पुरतं. रेघेच्या मागच्या बाजूला जो बारीक उंचवटा येतो तो घडीच्या आत गेला पाहिजे. बहुतेक जण उलट घडतात आणि मग कडेला कागद फाटल्यासारखा दिसतो. कागदाला धागेही असतात. तुकडा दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, ज्या दिशेने तो निमूट वाकतो तिकडे घडी घाला. ही दिशा कापायच्या आधीच पाहिलेली बरी.

चित्रासाठी ३०० जीएसएमचा वॉटरकलर पेपर. त्यातही गुळगुळीत पोताचा, म्हणजे हॉट प्रेस्ड. खडबडीत कागद जलरंगाला छान, पण ठशाच्या बारीक रेघा त्याच्या खळग्यांत तुटतात. तुकडा १०० बाय १४३ मिलिमीटर कापा. चारी बाजूंनी अडीच मिलिमीटरची पांढरी चौकट राहते.

पहिला थर: स्टेन्सिलमधून रंग

तीन रंग निवडा आणि ते शेजारशेजारचे असू द्या. मी निळा, मोरपंखी आणि पोपटी घेते. निळ्यावर केशरी फिरवलं की चिखल होतो, आणि चिखलाला कितीही सुंदर ठसा मारला तरी तो चिखलच.

आधी स्टेन्सिलशिवाय नुसती पार्श्वभूमी. ब्लेंडिंग ब्रश, म्हणजे शाई पसरवायचा दाट, मऊ केसांचा ब्रश, पॅडवर टेकवायचा आणि लगेच कागदावर आणायचा नाही. तुकड्याच्या बाहेर, खालच्या मॅटवर दोनदा गोल फिरवायचा आणि मग फिरवत फिरवतच कागदावर शिरायचं. थेट कागदावर टेकवलात तर पहिल्या स्पर्शाचा गोल डाग बसतो आणि तो कशानेही जात नाही. हात हलका ठेवा. केसांची टोकं कागदावर जेमतेम लागली पाहिजेत. माझी भाची ब्रश असा दाबते की केस फेंदारतात. मी तिला म्हणते, ‘अगं, भांडी नाही घासायची.’ तर ती म्हणते, ‘मावशी, तू तासभर लावतेस, माझं पाच मिनिटांत होतं.’ होतं खरं, पण पट्टे दिसतात.

दोन रंग जिथे भेटतात तिथे दोन्ही ब्रश आळीपाळीने फिरवा. तिसरा रंग आपोआप तयार होतो. मग सगळं पूर्ण सुकू द्या, आणि आता स्टेन्सिल.

स्टेन्सिल सहसा मायलर या प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचं असतं. ते तुकड्यावर ठेवून एका बाजूला कमी चिकटणारा मास्किंग टेप लावा. टेप आधी कपड्यावर एकदा चिकटवून काढला की त्याचा जोर कमी होतो आणि कागदाची साल निघत नाही. आता त्याच रंगांपैकी गडद शाई घेऊन, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून, स्टेन्सिलच्या पत्र्यावरून भोकाच्या आत असा गोल गोल फिरवा. भोकाच्या कडेकडून आतल्या बाजूला. आतून बाहेर ढकललं की केस कडेखाली घुसतात आणि नक्षीला मिशा फुटतात. सगळी नक्षी भरू नका. एका कोपऱ्यात गडद, मध्यावर विरत गेलेली, दुसरीकडे नाहीच, अशी ठेवा. पूर्ण भरलेली नक्षी भिंतीला लावायच्या कागदासारखी दिसते.

स्टेन्सिल उचललं की ते लगेच धुऊ नका. त्याच्या पत्र्यावर शाई बसलेली असते. त्यावर पाण्याचा एक हलका फवारा मारा, ते पालथं करून दुसऱ्या कोऱ्या तुकड्यावर टाका आणि वरून टिशूने दाबा. नक्षीचं उलटं रूप उमटतं: भोकं पांढरी, मधली जाळी रंगीत. कित्येकदा हा फुकटातला तुकडाच मूळ तुकड्यापेक्षा देखणा निघतो. माझी निम्मी कार्डं अशा उरल्यासुरल्यावरच उभी आहेत.

शिंतोडे आताच. पहिल्या थरातच पाण्याला मोकळीक द्यायची. बोटं ओली करून झटका, अर्धा मिनिट थांबा, मग टिशू टेकवून उचला. पुसायचं नाही. थेंब होता तिथे फिकट गोल राहतो. ऑक्साइड शाई असेल तर दुधाळ.

दुसरा थर: पेस्ट

इथे कार्डाला उंची येते. टेक्स्चर पेस्ट किंवा मॉडेलिंग पेस्ट, दुसरं एखादं स्टेन्सिल (लहान भोकांचं चांगलं दिसतं) आणि पॅलेट नाइफ घ्या. पॅलेट नाइफ नसेल तर जुनं प्लास्टिकचं ओळखपत्र चालतं.

स्टेन्सिल एका बाजूने टेपने असं पक्कं करा, की दारासारखं उघडेल. पाण्याची बाटली किंवा ओलं फडकं आधी हाताशी ठेवा. पेस्ट भोकांच्या एका कडेला घ्या आणि नाइफ जवळजवळ आडवा धरून एकाच दिशेने ओढा. एकदा, फार तर दोनदा. मागेपुढे केलं की पेस्ट पत्र्याखाली सरकते. नाइफचा कडकड असा हलका आवाज भोकांच्या कडांवरून येतो. तो थांबला आणि पृष्ठभाग केकवरच्या आयसिंगसारखा सपाट झाला, की हात आवरा. स्टेन्सिल टेपच्या बिजागरीवर सरळ वर उचला. आता त्याला कुठेही ठेवू नका, थेट पाण्यात टाका. ही पेस्ट अॅक्रिलिक असते. एकदा सुकली की पाण्याने विरघळत नाही आणि बारीक भोकं कायमची बुजतात. माझ्याकडे षटकोनांचं एक स्टेन्सिल आहे. त्याच्या कोपऱ्यातले नऊ षटकोन मी फोन घ्यायला उठले तेव्हाचे आहेत.

पेस्टवर हीट गन चालवू नका. वरची साल आधी सुकते, आतली वाफ तिला फोड आणते आणि नक्षीला गोवर उठतो. पातळ थराला तासभर तरी द्या, जाड असेल तर रात्रभर. रंगीत पेस्ट हवी असेल तर लावण्याआधीच तिच्यात शाईचे दोन-तीन थेंब कालवा. सुकल्यावर वरून रंगवताना डाय शाई बऱ्याच पेस्टमध्ये नीट मुरत नाही, घसरते.

ठसा: आणि तो पेस्टवर कसा मारायचा

मारायचाच नाही. उंचसखल पेस्टवर ठसा अर्धा उमटतो, अर्धा गडप होतो. त्याची युक्ती वेगळी आहे आणि मला ती या सगळ्या प्रकारातली सगळ्यात लाडकी आहे.

पांढऱ्या टिशूचा एक पदर घ्या. दोन पदरांचा असेल तर सोलून एक करा, नक्षी दाबलेला नको. तो सपाट ठेवून कडांना टेप लावा. वहीत खूण केलेली ती पक्की काळी शाई घ्या. ठशाला शाई लावताना ठसा पॅडवर आपटण्याऐवजी पॅडच ठशावर हलका टॅप करत न्या, म्हणजे खाचांत शाई भरत नाही. सरळ खाली टेकवा, बोटांनी दाबा, न डोलवता उचला. ठसा डोलवला की कडेला सावली पडते. अक्रिलिकच्या पारदर्शक ठोकळ्यावर चिकटणारे फोटोपॉलिमरचे ठसे असतील तर खालचं दिसतं, जागा नेमकी साधते. ते नवे असताना शाई त्यांच्यावर मण्यांसारखी गोळा होते. पांढऱ्या खोडरबराने हलके घासले की नीट धरतात. लाल रबराच्या ठशांना हा त्रास कमी, पण कुठे पडतंय ते दिसत नाही.

टिशूवरची शाई पूर्ण सुकली की आकृतीभोवती कात्री लावू नका. ओल्या ब्रशने तिच्या भोवती रेघ ओढा आणि टिशू हलकेच ओढून फाडा. कडा लव आल्यासारखी निघते. आता तुकड्यावर जिथे आकृती बसवायची तिथे मॅट मीडियमचा, म्हणजे सुकल्यावर पारदर्शक आणि बिनचमकीच्या होणाऱ्या अॅक्रिलिक द्रवाचा, पातळ थर द्या, टिशू टेकवा आणि मऊ ब्रशने मध्यातून बाहेर असा वरून दुसरा थर द्या. आणि बघत राहा. पांढरा टिशू ओला होतो, पारदर्शक होतो आणि नाहीसाच होतो. उरतात नुसत्या काळ्या रेघा, पेस्टच्या उंचवट्यांवरून वळत गेलेल्या, खालचे निळे-हिरवे आरपार दाखवणाऱ्या. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी एकटीच घरात होते आणि तरी मोठ्याने ‘अगं बाई’ म्हणाले. शाई कच्ची असेल तर मात्र याच क्षणी काळा ओघळ सुटतो. म्हणून ती वही. आणखी एक: खालचा रंग पाण्याने उठणारा असेल तर मीडियमचा ब्रश एकाच जागी घासू नका, एकदा लावा आणि सोडा.

चार शब्द आपल्या अक्षरात

शुभेच्छांचे तयार ठसे मिळतात, पण देवनागरीतले कमी. मी ते खोडरबरावर कोरते. उलटं लिहायची कसरत लागत नाही. ट्रेसिंग पेपरवर मऊ, २बी पेन्सिलने शब्द सरळच लिहा. कागद रबरावर पालथा टाका आणि नखाने घासा. अक्षरं रबरावर उलटी उतरतात आणि कार्डावर परत सरळ येतात. अक्षराच्या भोवतालचा भाग बारीक कोरणीने काढा, पण कड खाली रुंद होत जाईल अशी तिरकी कापा. सरळ खोल कापलेल्या बारीक रेघा दाबताना वाकतात. ‘प्रिय’ कोरून पाहा, लगेच हात बसतो. ‘हार्दिक’ शेवटी घ्या. झालेले रबरी ठसे कागदात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या डबीला नुसते टेकले तर दोन्ही एकमेकांना चिकटून वितळल्यासारखे होतात.

अक्षरांचं स्टेन्सिल कापायचं म्हटलं तर देवनागरी जास्त नखरे करते. शिरोरेघेमुळे आपल्या कितीतरी अक्षरांना बंद पोट येतं. प, म, ष सगळ्यांचं. शिरोरेघ अखंड कापलीत की ते पोट खाली गळून पडतं. म्हणून शिरोरेघ जागोजागी तोडावी लागते, दीड-दोन मिलिमीटरचे पूल ठेवून. पत्र्याच्या पेट्यांवर नावं रंगवलेली असतात ती तुटक का दिसतात, ते स्टेन्सिल कापल्यावर कळतं.

हीट एम्बॉसिंग करायचं तर

शब्द उठावदार आणि चमकते हवे असतील तर. पण ते वेगळ्या पांढऱ्या पट्टीवर करा, या रंगवलेल्या तुकड्यावर नको. एम्बॉसिंगची पावडर जिथे ओल किंवा पिगमेंटचा चिकटपणा असेल तिथे बसते, आणि आपल्या पार्श्वभूमीवर दोन्ही आहे. मग शब्दांभोवती सोनेरी कोंडा पडतो.

पट्टीवर आधी टाल्कम पावडर लावलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवा. पारदर्शक चिकट शाईत ठसा मारा, एम्बॉसिंग पावडर ओता, पट्टी उभी करून मागून टिचकी मारा. उरलेली पावडर कागदाची घडी करून परत डबीत. हीट गन आधी दहा-पंधरा सेकंद हवेत तापू द्या, मग पाच-सहा सेंटिमीटरवरून एका टोकाकडून पुढे न्या. दाणेदार पावडर एकदम लकाकते, एखादी लाट सरकावी तशी. लकाकली की पुढे सरका. जास्त तापवलं तर पावडर कागदात मुरते आणि अक्षरं तेलकट, सपाट पडतात.

जुळवणी

चित्राचा तुकडा पाण्याने वाकला असेल. पालथा करून मागून अगदी हलकी ओल द्या, बटर पेपरमध्ये घाला आणि जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. पेस्ट फार उंच असेल तर पुस्तकाऐवजी वर स्पंजचा तुकडा आणि मग वजन, नाहीतर नक्षी चेपते.

चिकटवायला द्रव गोंद घ्या, दुहेरी चिकटपट्टी नको. गोंद जागा हलवायला मिनिटभर देतो. चिकटपट्टी एकदा टेकली की टेकली, आणि अडीच मिलिमीटरची चौकट एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन झाली तर डोळा तिथेच अडकतो. शब्दांची पट्टी मात्र फोमच्या चिकट तुकड्यांवर चढवा, पेस्टच्या उंचीला ती शोभते.

तयार कार्डं एकावर एक समोरासमोर ठेवू नका. पेस्ट आणि मीडियम दोन्ही अॅक्रिलिक, उकाड्यात एकमेकांना धरतात. मध्ये बटर पेपर हवाच, पाकिटातसुद्धा. ए६ कार्डाला सी६ पाकीट लागतं, ११४ बाय १६२ मिलिमीटरचं, पण त्यात फुगीर कार्ड कसंबसं जातं. मी एक माप मोठं घेते.

आणि आतला मजकूर चित्र चिकटवायच्या आधी लिहा. मी एकदा दोन दिवस खपून केलेल्या कार्डाच्या आत, शेवटच्या ओळीत, जिला द्यायचं तिचंच नाव चुकवलं होतं.